वाचकांचे प्रश्न : पोट फुगते की पोट सुटते?

तुरी सवंगून घरात आल्या की पोटाच्या तक्रारींची पत्रे वाढतात, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांच्या लक्षात आले असेल. या वेळी मात्र बऱ्याच पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : पोळीने पोट वाढते का, भाताने वाढते का, आणि भाकर सुटली म्हणून हे झाले का. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा आशय तेवढा घेतला आहे आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. माहेरी आणि सासरीही आम्ही दोन्ही वेळा ज्वारीची भाकर खात होतो. पुढे वावरात ज्वारी पेरणे बंद झाले, सोयाबीन आणि तूर आली, आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ आला. आता दोन्ही वेळा पोळीच होते. संध्याकाळपर्यंत माझे पोट डब्ब होते आणि गेल्या काही वर्षांत ढेरीही दिसू लागली आहे. गव्हानेच हे झाले, असे माझी नणंद म्हणते. गहू बंद करून ज्वारी विकत घ्यावी काय?
(एक गृहिणी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकाच वाक्यात आल्या आहेत, आणि नणंदबाईंचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे ते त्यामुळेच. संध्याकाळी पोट डब्ब होणे ही एक गोष्ट आणि वर्षानुवर्षे ढेरी सुटत जाणे ही दुसरी. पहिलीत आतड्यात वायू आणि पाणी साठते. दुसरीत कातडीखाली, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठते. दोन्हींमुळे पोट पुढे येते, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. परंतु ज्या पदार्थाने पोट फुगते त्यानेच ते सुटते असे नाही, पुष्कळदा उलटच असते. तुरीच्या वरणाने पोट फुगते, पण वरणाने ढेरी येत नाही. साखरेच्या चहाने पोट फारसे फुगत नाही, आणि ढेरीला मात्र तो दररोज हातभार लावतो.

तुमच्या बाबतीत फुगारा किती आणि चरबी किती, हे घरच्या घरी पाहता येते. आठवडाभर सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्याही आधी, परकराची नाडी नेहमीच्या बेताने बांधा आणि गाठ जेथे बसते तेथे पेनाने खूण करा. रात्री निजण्यापूर्वी तितक्याच बेताने बांधून दुसरी खूण करा. दोन खुणांत दोन-तीन बोटांचे अंतर पडत असेल आणि सकाळी गाठ पुन्हा पहिल्या खुणेवर येत असेल, तर तेवढा फुगारा आहे, कारण चरबी एका दिवसात चढत नाही आणि एका रात्रीत उतरत नाही. सकाळचीच खूण महिन्यामागून महिना सरकत गेली असेल, तर ती चरबी होय. माझ्याकडे तपासणीला आलेल्या एका बाईंच्या कमरेवर नाडीचा काळा, खोल वळ उमटलेला होता. सकाळी ढिली असलेली नाडी संध्याकाळी रुतायची, तरी घट्ट बांधण्याची सवय त्यांनी सोडली नव्हती. पोट कमी व्हावे म्हणून त्या वर्षभर रात्रीचे जेवण टाळत होत्या, आणि मोजून पाहिले तर त्यांचे वजनही जास्त नव्हते आणि कंबरही. होता तो निव्वळ फुगारा. एवढे वर्षभर उपाशी निजल्यावर त्यांना हे कळले, याचे मला आजही वाईट वाटते.

आता गव्हाकडे येऊ. पोळी, भाकर, भात, साखर, डाळीतला मोठा भाग हे सारे कर्बोदकांत मोडतात. कर्बोदके म्हणजे साखरेच्या लहानमोठ्या साखळ्या. त्यांतील पिष्ट, म्हणजे ज्याची आपण खळ करतो ते, लहान आतड्यात तुटून त्याचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात जाते. पण काही आखूड साखळ्या तोडणारे पाचक रस माणसाच्या शरीरात नाहीतच. गव्हात अशा साखळ्यांचा फ्रुक्टान नावाचा एक प्रकार असतो, आणि कांदा-लसणातही तोच भरपूर असतो. या साखळ्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात, जाताना पाणी ओढून घेतात, आणि तेथले जिवाणू त्यांना आंबवतात. आंबले की वायू होणारच. ताकाचे गाडगे झाकून ठेवले तरी झाकण उचलते, तसाच हा प्रकार आहे. या सगळ्याला काही तास लागतात, म्हणून दुपारच्या जेवणाचा फुगारा तुम्हाला दिवेलागणीला जाणवतो आणि दोष उगाच चहाला दिला जातो.

अशा वायूकारक कर्बोदकांच्या गटाला ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली फॉडमॅप असे नाव दिले. नॉर्वेमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘आम्हाला गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही’ असे म्हणणाऱ्या ५९ जणांना एकदा ग्लुटेन, एकदा फ्रुक्टान आणि एकदा दोन्हींविना, काय दिले ते न सांगता खायला दिले. त्यांचे पोट अधिक फुगले ते फ्रुक्टानने. ज्वारी आणि तांदूळ या दोन्हींत फ्रुक्टान नगण्य असते. त्यामुळे भाकर गेली आणि दोन्ही वेळा पोळी आली, त्यात कांदा-लसणाचे वाटण घातलेला रस्सा, तर पोट डब्ब होणे स्वाभाविक आहे. एका पोळीत फ्रुक्टान थोडेच असते, परंतु सहा-सात पोळ्या आणि वरून कांदा अशी बेरीज होत जाते. नणंदबाई बरोबर आहेत त्या इथवर.

ढेरीच्या बाबतीत मात्र गहू एवढा दोषी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ कॅलरी आणि ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच कणकेत साधारण ३२० कॅलरी आणि ६४ ग्रॅम. तंतूही दोन्हींत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास आहेत. आकड्यांत पाहिले तर ज्वारी उलट किंचित जडच आहे. ज्वारीच्या बाजूने सांगण्यासारखे एवढे आहे, की तिच्यातली प्रथिने शिजल्यावर एकमेकांत गुंततात आणि पिष्टाला धरून ठेवतात. त्यामुळे भाकर सावकाश पचते आणि बराच वेळ भूक लागत नाही. पण दोन भाकरींच्या जागी चार खाल्ल्या, तर ज्वारीनेही ढेरी सुटेल.

मग बदलले काय? मला तुमच्या पत्रातून तीन गोष्टी दिसतात. भाकर पाण्याचा हात लावून तव्यावर आणि नंतर विस्तवावर भाजली जाते, तिच्यात तेलाचा थेंब नसतो. घडीच्या पोळीला आत आणि वरून मिळून सहज एक चमचा तेल लागते, म्हणजे दर पोळीमागे ४५ कॅलरी, आणि सहा पोळ्यांमागे पावणेतीनशे. दुसरे असे, की तुम्ही लिहिले आहे त्याप्रमाणे निंदण आता तणनाशकाने होते आणि तुमचे वावरात जाणे सवंगणी-वेचणीपुरते उरले आहे. दिवसभर वाकून केलेले ते काम शरीरातून गेले, आणि जेवण होते तेवढेच राहिले. तिसरे तुमचे वय. पाळी जाण्याच्या सुमारास बाईच्या अंगावरची चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकू लागते, आणि हे कोणतेही धान्य खाल्ले तरी होते.

गहू बंद करू नका. रेशनचे धान्य घरात येते आणि ज्वारी पदरचे पैसे मोजून आणावी लागते, हे मला ठाऊक आहे. वावरात ज्वारीच्या चार ओळी लावायच्या म्हटले तर रानडुकरे आणि रोही (नीलगायी) त्या उभ्या ठेवत नाहीत, हेही ठाऊक आहे. एवढेच करा : ज्या वेळच्या जेवणानंतर पोट अधिक फुगते त्या वेळी भाकर करा, दुसऱ्या वेळी पोळी राहू द्या, आणि तीन आठवडे पाहा. मोठी भाकर म्हणजे पिठाच्या हिशेबाने दोन पोळ्या, हे लक्षात ठेवा. ज्वारी परवडली नाही तर त्या वेळी भात चालेल, मात्र तो मोजून. पोळीला तेल आतून नको, वरून बोट फिरवण्यापुरते असावे. रश्श्यातला कांदा निम्मा करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

आणखी एक. गहू खाल्ला की वारंवार जुलाब होणे, वजन उतरणे, रक्त कमी असणे अशी लक्षणे घरात कोणाला असतील, तर गहू बंद करण्याच्या आधी डॉक्टरांना दाखवा. सिलिअॅक नावाचा आजार त्यामागे असू शकतो. त्याची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, आधीच बंद केला तर आजार सापडत नाही.

प्रश्न : माझे वय २९, उंची ५ फूट ५ इंच, वजन ५८ किलो. हातपाय काडीसारखे आहेत, पण पोट पुढे आले आहे. दोन वर्षांत करदोटा दोनदा सैल करावा लागला. आमच्याकडे धान होते, त्यामुळे सकाळी, दुपारी आणि रात्री भातच असतो. गावातल्या डॉक्टरांनी वजन बरोबर आहे असे सांगितले. मग पोट का? भात सोडायचा म्हटले तर खायचे काय?
(एक शेतकरी, तिरोडा तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : तुमचे वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे, हे डॉक्टरांनी खरेच सांगितले. परंतु काट्याला चरबी कोठे आहे ते कळत नाही. या बाबतीत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम प्रत्येक भारतीयाने माहीत करून घ्यावे असे आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि पोटातली चरबी अधिक, अशी ठेवण पुष्कळांची असते, आणि तिची मुळे आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात. काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट हे तिचेच रूप आहे.

म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत या मोजमापाने ३९.५ टक्के प्रौढ मर्यादेच्या पलीकडे आढळले. त्या पाहणीत खेडीही होती.

भाताबद्दल सांगायचे तर, भाताने पोट फुगत नाही, आणि नेमके तेच अडचणीचे आहे. त्यात वायूकारक साखळ्या जवळजवळ नसतात, म्हणून पोट हलके राहते आणि ताटात तिसऱ्यांदा भात घेतला तरी तक्रार होत नाही. सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे ७८ ग्रॅम कर्बोदके आणि तंतू तीन ग्रॅमपेक्षाही कमी. तो भराभर पचतो, रक्तात ग्लुकोज एकदम वाढते, ते आवरायला इन्सुलिन भरपूर स्रवते, आणि इन्सुलिन वाढलेले असेपर्यंत शरीर साठवण्याच्या बाजूला असते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्याने काम करणाऱ्या माणसाला हे इंधन पुरते. पण धानकापणीनंतरच्या रिकाम्या महिन्यांतही ताट तेवढेच भरलेले असते, आणि न वापरलेले इंधन चरबी होऊन बसते.

भात सोडायचा नाही, मोजायचा आहे. शिजल्यावर अंदाज चुकतो, म्हणून तांदूळच मोजा. ज्या वाटीने घरात तांदूळ घेतात ती एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणा. काम नसलेल्या दिवसांत एका वेळेला कच्चे ७० ते ८० ग्रॅम तांदूळ तुम्हाला पुरावेत, आणि सकाळचा भात बंद करून त्या जागी भिजवलेले चणे, उसळ किंवा अंडी घ्या. ताटात आधी भाजी आणि घट्ट वरण संपवा, मग भाताला हात लावा. असे केल्याने जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे तपासून पाहिलेले आहे. सडताना कोंडा थोडा राहू द्या, असे गिरणीवाल्याला सांगता आले तर उत्तमच. गार केलेल्या भातातले काही पिष्ट घट्ट होऊन न पचणारे बनते हे खरे आहे, पण तो फायदा फार लहान असतो. रात्रीचा भात उघड्यावर ठेवून उन्हाळ्यात सकाळी खाल्ला, तर त्यात वाढलेल्या जिवाणूंच्या विषाने उलट्या-जुलाब व्हायची भीती मोठी आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे, की दुकानावर गेल्यावर दिवसाला दोन कोल्ड्रिंक होतात. माझ्या मते तुमच्या पोटाचे खरे कारण भातापेक्षा तेथे अधिक आहे. कोल्ड्रिंकच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत पाच चमचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ते ३० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. ती मर्यादा पहिल्याच बाटलीत संपते. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतच हाताळते, आणि ते गरजेपेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी करते. दारू न पिणाऱ्या माणसाच्याही यकृतावर चरबी चढते ती अशी. दारू घेत असाल, आणि पत्रात ते लिहायचे टाळले असेल, तर तीही या हिशेबात धरा, कारण दारूच्या एका ग्रॅमला सात कॅलरी पडतात आणि मार त्याच यकृताला बसतो. कोल्ड्रिंक आज बंद करा. चहात साखरेऐवजी गूळ घालण्याचा विचार लिहिला आहे, त्याने काही साधत नाही. गूळही बहुतांशी साखरच आहे.

कामाच्या दिवसांत चालणे आपोआप होते. रिकाम्या महिन्यांत रोज पाऊण तास पायी चालावे आणि आठवड्यातून तीन दिवस बैठका आणि दंड काढावेत. तुमच्या ठेवणीत कमी आहेत ते स्नायू, आणि ग्लुकोज सर्वांत जास्त खपते ते स्नायूंतच.

प्रश्न : वय ६८. तुरीचे वरण, चण्याची उसळ, बरबटी, वाल यांपैकी काहीही खाल्ले की पोटात गुबारा धरतो. मुलगा म्हणतो डाळ बंद करा. लहानपणापासून वरणावर वाढलेला माणूस मी, बंद कशी करू?
(एक निवृत्त शिक्षक, अकोट तालुका, जि. अकोला)

उत्तर : गुरुजी, डाळ बंद करू नका. तुमच्या वयात हातापायांतले मांस झपाट्याने कमी होते, आणि शाकाहारी ताटात त्याला आधार डाळीचाच असतो. शिवाय डाळ-उसळीने पोट भरते, सावकाश पचते, आणि ढेरीच्या बाबतीत ती तुमच्या बाजूची आहे.

गुबारा धरतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज या दोन साखरांमुळे. त्या तोडणारा पाचक रस कोणाच्याच शरीरात नाही, तरण्या माणसाच्याही नाही. वयाबरोबर आतड्याची चाल मंदावते आणि वायू बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून त्रास आता जाणवतो. या साखरा पाण्यात विरघळतात, आणि उपाय त्यातच आहे. माझ्या सासूबाई डाळीचा गंज चुलीवर ठेवला की पळी घेऊन बसत आणि वर आलेला फेस निगुतीने काढून टाकत. फेस काढला की वायू जातो, अशी त्यांची खात्री होती. पण फेसात मुख्यतः प्रथिने असतात. वायूच्या साखरा राहतात त्या पाण्यात, आणि भिजवलेले ते पाणी मात्र ‘सत्त्व जाईल’ म्हणून त्या पुन्हा गंजातच ओतत.

तुरीची डाळ दोन तास भिजवून ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. अख्खे चणे, बरबटी, वाल रात्रभर भिजवा, मधे एकदा पाणी बदला, आणि सकाळी तेही पाणी टाका. मोड आणले तर आणखी चांगले, कारण मोड फुटताना दाणा त्या साखरा स्वतःच वापरून टाकतो. डाळ बोटाने सहज चिरडेल इतकी शिजली पाहिजे. टाकलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वे जातात हे खरे, पण त्यापायी डाळच सुटली तर नुकसान अधिक. आधी मुगाच्या डाळीचे पातळ वरण अर्धी वाटी घ्या, आठ-दहा दिवसांनी तूर, आणि महिन्याने उसळ. मोठ्या आतड्यातले जिवाणू नव्या अन्नाला सरावतात आणि काही आठवड्यांत वायू कमी होतो. फोडणीत हिंग आणि ओवा असावा. माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे, मात्र पाणी फेकण्याची जागा हिंग घेऊ शकत नाही. जेवल्यावर लगेच आडवे न होता अंगणात शंभर पावले चाला. आणि तुरीच्या हंगामात वालाच्या शेंगाही येतात, तेव्हा दोन्ही एकाच जेवणात नकोत.

गुरुजी, एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. हा त्रास गेल्या काही महिन्यांतच सुरू झाला असेल, आणि सोबत भूक मंदावली असेल, वजन उतरले असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर स्वयंपाकात फेरफार करत बसू नका, आधी तपासून घ्या. पोट दिवसरात्र ताणलेले आणि पायांवर सूज असेल, तर ते पोटात पाणी झाल्याचे लक्षण असू शकते. घरातल्या पन्नाशीपुढच्या बायकांचे पोट रोजच फुगू लागले आणि दोन घासांत पोट भरू लागले, तर सोनोग्राफी करून घ्यावी. बीजकोशाचा कर्करोग पुष्कळदा याच तक्रारीने सुरू होतो आणि गॅसच्या गोळ्यांत वेळ निघून जातो.

प्रश्न : मी सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी असे उपवास करते. तरी पोट कमी होत नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा चिवडा एवढेच खाते.
(एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल आणि तंतू नाहीत. त्याला तेल, दाण्याचे कूट आणि तळलेला चिवडा यांची जोड मिळाली की उपवासाच्या दिवशी रोजच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी पोटात जातात. उपवास तुमच्या श्रद्धेचा आहे, तो करा. त्या दिवशी भगर आणि सोबत दाण्याची आमटी, ताक, एखादे संत्रे, उकडलेले रताळे असे खा, आणि भगरही वाटीने मोजून घ्या. ताकाने किंवा दुधाने पोट फुगत असेल तर दुधातली लॅक्टोज ही साखर तुम्हाला पचत नसावी. ते मोठेपणी पुष्कळांना होते. अशा वेळी दूध टाळून चांगले विरजलेले दही घेऊन पाहा.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मोबाइलवर पाहून मी वीस दिवसांपासून पोळी, भाकर, भात सगळे बंद केले. कंबर दोन इंच कमी झाली आणि गॅसही गेला. पण दोनदा घाम येऊन चक्कर आली आणि शौचाला होत नाही. चालू ठेवू का?
(एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : दादा, हे पत्र वाचून मी प्रथम घाबरले. घाम आणि चक्कर ही बहुधा रक्तातली साखर घसरल्याची लक्षणे आहेत. ग्लिमेपिराइडसारखी काही औषधे तुम्ही जेवला आहात की नाही याचा विचार न करता इन्सुलिन स्रवायला लावतात. ताटातली कर्बोदके गेली आणि गोळी मात्र तेवढीच राहिली, तर साखर धोक्याइतकी खाली जाते, आणि वावरात एकटे असताना किंवा मोटारसायकलवर असताना असे झाले तर जिवावर बेतू शकते. पुन्हा तसे वाटले तर त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्या, आणि नंतर काहीतरी खा. खिशात साखरेची पुडी ठेवा.

कमी कर्बोदकांनी कंबर आणि मधुमेह दोन्ही सुधारतात, यात शंका नाही. तुमचे दोन इंचही खरेच आहेत, फक्त ती सगळी चरबी नव्हे. शरीर साठवलेल्या दर एक ग्रॅम साखरेसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. धान्य बंद केले की आधी ते पाणी निघून जाते, आणि गव्हाचा फुगारा गेला तेही त्यात आहे. पहिल्या पंधरवड्याचा आनंद बराचसा या दोन गोष्टींचा असतो. शौचाला न होण्याचे कारण धान्यासोबत गेलेले तंतू आहे.

एकदम सगळे बंद करण्याऐवजी दोन्ही वेळा एकेक लहान भाकर सुरू करा, आणि सोबत वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, काकडी, एक चमचा जवसाची चटणी असू द्या. पाणी भरपूर प्या. पण त्याआधी, याच आठवड्यात, गोळ्यांची पाकिटे आणि रोज काय खाता याची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. गोळीची मात्रा कमी करावी लागेल असे मला वाटते, आणि तो निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे, तुम्ही नव्हे आणि मीही नव्हे. तोवर सकाळी उपाशीपोटी कामाला किंवा गाडीवर निघू नका.